एकच स्प्रिंग, सात गोळ्या

अमेरिकन कारागीर जॉन ब्राउनिंगच्या 1900 सालच्या पिस्तुलात नळी खाली असते आणि स्प्रिंग तिच्या डोक्यावर. ही मांडणी पुढे मागे पडली, स्प्रिंग नळीच्या खाली किंवा भोवती गेली. त्यामुळे आज हे पिस्तूल समोरून पाहिलं की एकावर एक ठेवलेल्या दोन बासऱ्यांसारखं दिसतं. गोळी वरून येत असेल असं वाटतं, पण ती येते खालच्या नळीतून. वरच्या पोकळीत फक्त एक लांब स्प्रिंग आणि तिच्या मधोमध दांडी.

मी टूलरूमचा माणूस. नोकरीची सगळी वर्षं सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत गेज, डाय आणि जिग-फिक्स्चर करण्यात गेली. बंदुकीची हौस मला नाही, कधी नव्हती. पण चांगलं ड्रॉइंग समोर आलं की ते पुरतं वाचल्याशिवाय मला उठवत नाही, आणि 1899 च्या मार्चमध्ये या पिस्तुलाला मिळालेल्या अमेरिकन पेटंटची चित्रं फार देखणी आहेत. एका बाजूने कापून दाखवलेलं पिस्तूल, प्रत्येक भागाला अक्षर, खाचाखोचांची सावली बारीक रेघांनी काढलेली. त्या वरच्या स्प्रिंगवर बोट ठेवून मागे मागे गेलं की आपण एका छोट्या तरफेपाशी येतो. तरफेचा एक हात स्प्रिंगच्या दांडीशी, दुसरा खाली फायरिंग पिनपाशी. बार उडाल्यावर मागे गेलेली स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, पुन्हा जागेवर आणायची हे त्या स्प्रिंगचं एक काम. चाप ओढल्यावर पिन पुढे झेपावून काडतुसाच्या बुडावर ठोका बसला पाहिजे, त्याची ताकदही तीच स्प्रिंग पुरवते. पिन ओढलेली नसेल तेव्हा तरफेचं डोकं नेमाच्या रेषेत आडवं येतं, म्हणजे हत्यार तयार आहे की नाही हे नेम धरणाऱ्याला तिथल्या तिथे दिसतं. त्यासाठी वेगळा भाग लावलेलाच नाही.

हे उलगडलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला. असेंब्लीतला एक भाग कमी करण्यासाठी ज्याने महिनेच्या महिने डोकं लढवलंय त्याला तो आनंद समजेल. आणि त्याच क्षणी, नाशिकला वाढलेल्या कुणालाही आठवेल तेच मला आठवलं. विजयानंद थिएटर, 21 डिसेंबर 1909, कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडणारे अनंत कान्हेरे. शाळेत ही हकिकत किती वेळा ऐकली असेल. त्यात ब्राउनिंग हा शब्द न चुकता यायचा आणि तसाच निघून जायचा. ती वस्तू कशी होती, कुठून आली, कुणी घडवली हे कुणी सांगत नसे आणि आम्हीही कधी विचारलं नाही. इतक्या वर्षांनी ते विचारावंसं वाटलं, कारण त्या वस्तूच्या रचनेत त्या संध्याकाळचा काही भाग आधीच ठरून गेला होता असं मला आता वाटतं.

स्वतःच पुन्हा भरलं जाणारं पिस्तूल ही कल्पना ब्राउनिंगच्या आधीची. तिला खरा अडसर होता दारूचा. जुनी काळी दारू जळली की निम्म्याहून अधिक भाग राख आणि काजळी होऊन मागे उरतो. रिव्हॉल्व्हरचं चाक माणूस बोटाच्या जोराने फिरवतो, त्यामुळे थोडी काजळी त्याला चालून जाते. पण स्फोटाच्याच धक्क्यावर चालणारी नाजूक यंत्रणा चार-दोन बारांत अडकणार. 1884 मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्येय याने बिनधुराची दारू तयार केली, आणि नंतरच्या दहा वर्षांत बंदुकीच्या कारागिरांपुढे नवंच मैदान खुलं झालं.

पहिला ठळक नमुना ह्यूगो बोरखार्टचा. जन्माने जर्मन, तरुणपण अमेरिकेच्या बंदूक कारखान्यांत गेलेलं. 1893 चं त्याचं पिस्तूल बर्लिनच्या लुडविग लोवे कंपनीने बाजारात आणलं. मधोमध दुमडणारा सांधा, मुठीत सरकवायचं आठ काडतुसांचं मॅगझिन, आणि मुठीच्या मागे बाहेर आलेलं स्प्रिंगचं मोठं घर. काम चोख करायचं, पण लांबी 28 सेंटिमीटरच्या आसपास आणि वजन किलोच्या वर. जेमतेम तीन हजार नग निघाले. पुढे गेओर्ग लुगरने तीच यंत्रणा आवरती घेतली आणि 1900 मध्ये स्विस सैन्याने ती स्वीकारली.

दुसरा नमुना जर्मनीतल्या नेकार नदीवरच्या ओबेर्नडॉर्फचा, माउझर कारखान्यातल्या फेडर्ले भावांनी घडवलेला. 1896 चा हा माउझर ओळखायला सोपा: मूठ झाडूच्या दांड्यासारखी गोल, मॅगझिन चापाच्या पुढे, आणि सोबत लाकडी म्यान, जे मुठीला जोडलं की खांद्याला लावायचा दस्ता होतो. या माउझरची एक गोष्ट मुंबईशी जोडलेली आहे. 1896 च्या ऑक्टोबरमध्ये तरुण विन्स्टन चर्चिल ससून डॉकला उतरत होता. होडीतून धक्क्यावर चढताना त्याने भिंतीतली लोखंडी कडी धरली, लाटेने होडी खाली गेली आणि उजवा खांदा निखळला. तो खांदा जन्मभर पुरता बरा झाला नाही. दोन वर्षांनी सुदानमध्ये ओमदुर्मानच्या लढाईत घोडदळाबरोबर धावून जाताना त्याच्या हातात तलवारीऐवजी माउझर होता, तो या खांद्यामुळे.

पण बोरखार्ट काय, माउझर काय, दोन्ही हत्यारं कमरेला नाहीतर खोगिराला बांधून न्यायची. ती बाळगणारा माणूस दुरून ओळखू यायचा. ब्राउनिंगने जे बदललं ते इथे.

जॉन मोझेस ब्राउनिंग 1855 मध्ये यूटा प्रांतातल्या ऑग्डन गावी जन्मला. वडील जोनाथन हे मॉर्मन पंथाचे, बंदुका दुरुस्त करणारे आणि बनवणारेही. तीन बायका आणि बावीस मुलं, त्यातला हा एक. दुकानाच्या कोपऱ्यात मोडक्या बंदुकांचा ढीग पडलेला असे आणि पोरगा त्यातच खेळायचा. भंगारातली नळी आणि फळकुट जोडून त्याने पहिली बंदूक केली तेव्हा तो लहान मुलगाच होता. 1879 मध्ये एकबारी रायफलीचं पहिलं पेटंट मिळालं. भावांनी मिळून ती रायफल ऑग्डनलाच बनवायला घेतली. चार वर्षांनी विंचेस्टर कंपनीचे बेनेट आगगाडीने देशाच्या या टोकापर्यंत आले आणि आठ हजार डॉलरला तिचे हक्क विकत घेऊन गेले. ब्राउनिंगने दहा हजार मागितले होते.

त्याच्या कामाच्या पद्धतीविषयी वाचताना मी थबकलो. तो कागदावर फारसं काढतच नसे. आकृती डोक्यात पक्की झाली की पत्र्याची टेम्प्लेट कापायची आणि थेट पोलाद घासायला घ्यायचं. भाऊ एड त्याच्याबरोबर मॉडेलवर काम करी, दुसरा भाऊ मॅट दुकान सांभाळी. म्हणजे ज्या ड्रॉइंगवर मी इतका लुब्ध झालो ती दुसऱ्याच कुणा नकाशाकाराची, पेटंट कचेरीसाठी काढलेली. आमच्या शॉपमध्येही असे एक-दोन जुने फिटर होते. ड्रॉइंग आणून द्या म्हटलं तर हसायचे, आणि संध्याकाळी जॉब मापात तयार असायचा. कानस हातात धरूनच विचार करणारी ही माणसं. त्यांचं बघून मला ब्राउनिंगची पद्धत खरी वाटते.

1887 ते 1889 ही दोन वर्षं तो जॉर्जियात पंथाच्या प्रचारासाठी गेला होता. या काळात हत्यारांचं काम पूर्ण बंद. परतल्यावर त्याच वर्षीची ती प्रसिद्ध घटना. ऑग्डनजवळ नेमबाजी चालू होती. गोळी सुटली की नळीच्या तोंडासमोरचं गवत दरवेळी वाऱ्याने झोपावं तसं झुकत होतं. तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांना ते दिसलं असणार. ब्राउनिंगच्या मनात आलं की गवत वाकवणारी ही ताकद फुकट जातेय. दुसऱ्या दिवसापासून दुकानात प्रयोग सुरू. रायफल पक्की बांधायची, तोंडासमोर मधोमध भोक असलेला लोखंडी ठोकळा ठेवायचा. गोळी भोकातून निघून जायची आणि मागून येणारा वायू ठोकळा दूर फेकून द्यायचा. यातूनच पुढे कोल्ट कंपनीने बनवलेली 1895 ची मशीनगन निघाली. या शोधातला मला सगळ्यात जवळचा भाग तो ठोकळा आहे. मोजमापाची साधनं नाहीत, सिद्धान्त नाही, एक भोक पाडलेला लोखंडाचा तुकडा किती लांब उडतो एवढंच बघायचं.

1895 मध्ये त्याने पहिलं पिस्तूल कोल्टला दाखवलं आणि पुढच्या दोन वर्षांत एकामागून एक नमुने केले. एक जात मोठ्या काडतुसासाठी, नळी कुलूपबंद ठेवणारी, म्हणजे बार उडताना नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकवून धरणारी. तिचीच पुढची पिढी 1911 मध्ये अमेरिकी सैन्याने घेतली. दुसरी जात लहान काडतुसासाठी, कुलूप नसलेली. नळी जागची हलत नाही. वायू रिकामी पुंगळी मागे ढकलतो, पुंगळी स्लाइडला ढकलते, स्लाइडच्या वजनाने आणि वरच्या स्प्रिंगने ती गोळी नळीबाहेर जाईपर्यंत उघडायची थांबते. मग पुंगळी बाजूने बाहेर, स्लाइड परत, नवं काडतूस आत. या लहान जातीत कोल्टला तेव्हा रस वाटला नाही. ती नशीब काढायला गेली बेल्जियमला.

लिएज हे शतकानुशतकं बंदुकीचं गाव. नळ्या घडवणारे, दस्ते कोरणारे, कुलपं घासणारे कारागीर घरोघरी, आणि प्रत्येक हत्यारावर चाचणीघराचा शिक्का सक्तीचा. अशा ठिकाणी 1889 मध्ये इथल्या कारखानदारांनी एकत्र येऊन शेजारच्या हेर्स्टालला फाब्रिक नासिओनाल ही कंपनी काढली, आपण तिला एफएन म्हणू. कारण एकच: बेल्जियम सरकारला दीड लाख माउझर रायफली हव्या होत्या, आणि घरगुती कारागिरीने एकाच मापाचे दीड लाख नग निघणं शक्य नव्हतं. रायफली झाल्या, दिल्या, आणि मग यंत्रं बसून राहिली. माउझरच्या हक्कांवरून जर्मनांशी कोर्टकज्जा होऊन कंपनीचे हात बांधले गेले. तेव्हा एफएनने सायकली काढायला घेतल्या.

भरल्या शॉपमध्ये अचानक ऑर्डर संपली की काय वातावरण होतं ते मी पाहिलं आहे. मशीन पुसून पुसून चकचकीत होतात, चहाला जास्त वेळ लागतो, आणि मॅनेजर कुठल्याही नव्या कामाला नाही म्हणत नाही. हेर्स्टालचा कारभार पाहणारा अमेरिकन गृहस्थ हार्ट बर्ग 1897 मध्ये सायकलींचं उत्पादन कसं चालतं ते बघायला अमेरिकेत गेला आणि येताना ब्राउनिंगच्या लहान पिस्तुलाचा नमुना घेऊन आला. चाचणीत त्या नमुन्यातून लागोपाठ पाचशे गोळ्या न अडकता सुटल्या. त्याच जुलैत करार झाला. (हाच बर्ग दहाएक वर्षांनी राइट बंधूंचा युरोपातला प्रतिनिधी झाला.)

1899 मध्ये उत्पादन सुरू झालं, 1900 मध्ये बेल्जियमच्या सैन्याने अधिकाऱ्यांसाठी ते निवडलं आणि मॉडेलला तेच साल चिकटलं. लांबी साधारण 17 सेंटिमीटर, रिकामं वजन 625 ग्रॅम, मॅगझिनमध्ये सात काडतुसं. काडतूस 7.65 मिलिमीटरचं, खास याच पिस्तुलासाठी ब्राउनिंगने आखलेलं. ते आज सव्वाशे वर्षांनीही बनतं. बाजू सपाट, बाहेर घोडा नाही, कापडात अडकेल असं टोक नाही. मुठीच्या पट्टीवर कंपनीची अक्षरं आणि त्याच पिस्तुलाचं छोटं चित्र. दहा-अकरा वर्षांत सात लाखांहून अधिक नग निघाले. बोरखार्टच्या तीन हजारांशेजारी हा आकडा ठेवला की कळतं की इथे पिस्तूल हत्यारखान्यातून बाहेर पडून दुकानाच्या काचेत आलं. थिओडोर रूझवेल्टकडेही एक होतं, नक्षी केलेलं.

मी स्वतः नेहमी भागांच्या मापात विचार केला, ते भाग पुढे कुठे जातात याचा क्वचितच. एखादी गोष्ट चपटी केली, हलकी केली, की ती स्वस्त होते आणि विकली जाते, एवढंच आम्हाला शिकवलेलं. पिस्तुलाच्या बाबतीत चपटेपणाचा अर्थ वेगळा निघतो. कोटाच्या आतल्या खिशात ते मावतं. ज्याच्याकडे ते आहे तो माणूस बाकीच्यांसारखाच दिसतो. आत येताना त्याच्याकडे कुणी वळून बघत नाही.

16 जून 1904. फिनलंड तेव्हा रशियाच्या ताब्यात होता. हेलसिंकीत सिनेटच्या इमारतीत जिना चढून आलेल्या गव्हर्नर जनरल बॉब्रिकॉव्हवर ऑयगेन शाउमन नावाच्या तिथल्याच एका कारकुनाने 1900 च्या ब्राउनिंगमधून तीन गोळ्या झाडल्या. दोन छातीवरच्या पदकांवर आदळल्या, तिसरी पट्ट्याच्या बकलावर लागून आत शिरली. मग त्याने स्वतःवर गोळ्या झाडल्या. बॉब्रिकॉव्ह त्याच रात्री गेला.

मग 1909. त्या वर्षातल्या सहा महिन्यांच्या तारखा मी वहीत एकाखाली एक लिहिल्या आणि बराच वेळ बघत राहिलो. 1 जुलै, लंडन: मदनलाल धिंग्रांनी कर्झन वायली या ब्रिटिश अधिकाऱ्याला मारलं. पिस्तूल कोल्टचं, पण कोल्टची त्या काळची सगळी स्वयंचलित पिस्तुलं ब्राउनिंगच्याच पेटंटवर बनत. धिंग्रा टॉटनहॅम कोर्ट रोडवरच्या नेमबाजीच्या गाळ्यात सराव करायचे हे खटल्यात आलं. 26 ऑक्टोबर, मांचुरियातलं हार्बिन स्टेशन: कोरियाच्या आन जुंग-गुन याने जपानचे माजी पंतप्रधान इतो हिरोबुमी यांना 1900 च्या ब्राउनिंगने मारलं. 21 डिसेंबर, नाशिक.

या तीन माणसांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. भाषा वेगळ्या, देव वेगळे, वैरी वेगळे. तिघांच्या हातात ऑग्डनच्या एकाच माणसाच्या डोक्यातून निघालेली रचना होती. मला यात ब्राउनिंगचा दोष काढायचा नाही आणि त्याला श्रेयही द्यायचं नाही. पण त्या वर्षाचा इतिहास लिहिताना विचार, संघटना, घोषणा यांच्याबरोबर हेर्स्टालच्या कारखान्याचा उत्पादनाचा आकडाही लिहायला हवा असं माझं ठाम मत आहे. दहा वर्षं आधी या तिघांनाही दुसरं काहीतरी साधन शोधावं लागलं असतं, आणि गोष्टी कदाचित वेगळ्या वळणाने गेल्या असत्या.

नाशिकचं आता जरा सावकाश सांगतो. जून 1909 मध्ये बाबाराव सावरकरांना कविता छापल्याबद्दल जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. तो खटला उभा राहिला तेव्हा नाशिकचे कलेक्टर होते आर्थर जॅक्सन. अभिनव भारत या क्रांतिकारी गुप्त संघटनेच्या नाशिककर तरुणांचा राग त्यांच्यावर होता. त्याच्या काही महिने आधी, लंडनच्या इंडिया हाउस या हिंदी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहातला स्वयंपाकी चतुर्भुज अमीन मायदेशी परतला होता. त्याच्या पेटीला दुहेरी तळ होता आणि त्या चोरकप्प्यात वीस ब्राउनिंग पिस्तुलं आणि काडतुसं. विनायकराव सावरकरांनी ती पाठवली असा पुढे खटल्यात आरोप आला.

वीस पिस्तुलं एका पेटीच्या तळात! शाळेत हे ऐकताना मला ती पेटी मोठ्या संदुकीसारखी दिसायची. मी आता हिशेब केला. 1900 च्या मॉडेलच्या वजनाने वीस नगांचे साडेबारा किलो. बाजूला बाजू लावून, मुठी उलटसुलट करून मांडली तर बोटीच्या प्रवासात कुणाला खटकणार नाही अशा पेटीचा तळ पुरतो. माउझर असते तर वजन बावीस किलोच्या वर गेलं असतं आणि एकेक नग 30 सेंटिमीटरहून लांब. बंदरावरच्या हमालाने पेटी उचलतानाच काहीतरी वेगळं आहे हे ओळखलं असतं. मुंबईच्या धक्क्यावर ती पेटी सुखरूप उतरली यात अमीनच्या धीटपणाइतकाच त्या सपाट बाजूंचा वाटा आहे.

जॅक्सन यांची बढतीवर बदली झाली होती. त्यांच्या निरोपासाठी विजयानंद थिएटरात किर्लोस्कर मंडळींचा ‘शारदा’ लागला होता. अनंत लक्ष्मण कान्हेरे जेमतेम अठराचे, मूळ रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातले, शिकायला औरंगाबादला असलेले. कलेक्टर येऊन जागेवर बसतात तोवर कान्हेरे पुढे झाले आणि गोळ्या झाडल्या. स्वतःचा शेवट करण्याआधी त्यांना आजूबाजूच्यांनी पकडलं. 19 एप्रिल 1910 रोजी ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे या तिघांना फाशी झाली.

नाटकाला आलेल्या त्या गर्दीचा विचार मी पुष्कळ वेळा करतो. थंडीचे दिवस, सगळ्यांच्या अंगात कोट, खांद्यावर उपरणं, शाल. त्या गर्दीत एक कॉलेजवयाचा मुलगा. खांद्याला लावायचा दस्ता नाही, कमरेला म्यान नाही. इथेच ते ड्रॉइंग आणि ती संध्याकाळ माझ्या मनात एकमेकांना येऊन भिडतात. एका स्प्रिंगने दोन कामं केली म्हणून एक स्प्रिंग वाचली, स्प्रिंग वाचली म्हणून जागा वाचली, आणि जागा वाचली म्हणून ते हत्यार त्या कोटात मावलं.

जॅक्सन यांच्याविषयीही लिहायलाच हवं, कारण आमच्या शाळेतल्या गोष्टीत ते फक्त कलेक्टर होते. ते संस्कृतचे जाणकार होते, लोक त्यांना पंडित जॅक्सन म्हणत. गुजरात आणि कोकणातल्या लोकसमजुती त्यांनी गावोगावच्या शाळामास्तरांकडून गोळा करायला घेतल्या होत्या. ते साहित्य त्यांच्या मृत्यूनंतर एन्थोवेन या ब्रिटिश अधिकाऱ्याने संपादित करून दोन खंडांत छापलं, गुजरातचा 1914 मध्ये आणि कोकणचा 1915 मध्ये. कोकणच्या खंडात गावदेव आहेत, वेताळ आहेत, विहिरी-झाडांशी जोडलेल्या श्रद्धा आहेत. म्हणजे मरणारा माणूस ज्या मुलखाच्या देवांची नोंद करत होता, मारणारा मुलगा त्याच मुलखाचा होता. यावरून मी जॅक्सन यांच्या राज्याला माफ करत नाही, बाबारावांना दिलेली ती शिक्षा अन्यायाचीच होती. कान्हेऱ्यांचं नाव उच्चारताना माझा आवाज आजही बदलतो. तरीही त्या खंडाची पानं उलटताना गळ्याशी काहीतरी येतं, आणि ते दाबून टाकावं असं मला वाटत नाही.

यानंतर पिस्तूल स्वतःच पुरावा झालं. मारेकऱ्याच्या हातातली वस्तू त्या वीसांपैकी एक आहे असं सरकार पक्षाने मांडलं, अमीन माफीचा साक्षीदार झाला, आणि नाशिकपासून लंडनपर्यंतचा धागा कोर्टात ओढून दाखवण्यात आला. 13 मार्च 1910 ला सावरकरांना लंडनमध्ये अटक झाली. जुलैत मार्सेयला त्यांनी बोटीतून उडी मारली, ते सगळ्यांना ठाऊक आहे. डिसेंबरात पहिली जन्मठेप कटासाठी झाली. 30 जानेवारी 1911 ची दुसरी जन्मठेप जॅक्सन यांच्या खुनाला साह्य केल्याबद्दल, आणि तिचा भार मुख्यतः त्या पेटीवर होता. गोळी झाडली तेव्हा सावरकर हजारो मैल दूर होते. त्या शिक्षेपुरतं बोलायचं तर हत्याराचा प्रवास हाच गुन्हा ठरला.

युरोपात तोवर मॉडेल 1900 जुनं झालं होतं. ब्राउनिंगने 1903 मध्ये स्प्रिंग नळीच्या खाली नेली, 1910 मध्ये नळीभोवती गुंडाळली आणि पिस्तूल आणखी गुळगुळीत केलं. 1914 च्या जानेवारीत एफएनने दहा लाख ब्राउनिंग पिस्तुलं पूर्ण झाल्याचा सोहळा केला, ब्राउनिंगला बेल्जियमचा किताब मिळाला, मेजवानी झाली. पाच महिन्यांनी, 28 जूनला, सारायेव्होत गाव्रिलो प्रिन्सिपने ऑस्ट्रियाच्या युवराजाला मारलं ते पिस्तूल याच कारखान्याचं होतं, 1910 चं मॉडेल. त्यातून महायुद्ध पेटलं, आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात जर्मन सैन्याने हल्ला केला तो लिएजवर. ज्या शॉपमधून ते पिस्तूल बाहेर पडलं तिथल्या कामगारांना आपल्याच गावाभोवतीचे किल्ले पडताना ऐकावे लागले. घाम गाळून बनवलेली वस्तू अशी फिरून आपल्याच उंबऱ्यावर येते तेव्हा त्या लेथवरच्या माणसाला काय वाटलं असेल, याचा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. त्यांची नावं कुठे वाचायला मिळत नाहीत. बेंचवर नग जुळवणारे, नळीला शेवटचा हात देणारे, चाचणीघराकडे ट्रे घेऊन जाणारे लोक माझ्याच बिरादरीचे, म्हणून मला त्यांची ओढ जास्त.

आन जुंग-गुनच्या पिस्तुलाचा पुढचा धागा उत्तर कोरियात सापडतो. तिथे 1964 मध्ये मॉडेल 1900 ची हुबेहूब नक्कल तयार झाली, स्प्रिंग वर आणि नळी खाली, सगळं तसंच. यंत्र म्हणून ती रचना तेव्हा पासष्ट वर्षं जुनी होती आणि तिच्यापेक्षा सोपी, स्वस्त पिस्तुलं जगभर उपलब्ध होती. टूलिंगचा खर्च बघता कुणी शहाणा इंजिनिअर हा निर्णय घेणार नाही. हार्बिनच्या फलाटावरची आठवण पोलादात ओतायची होती म्हणूनच तो घेतला गेला असणार, असं मला वाटतं.

ब्राउनिंग शेवटपर्यंत लिएजला येत-जात राहिला. 26 नोव्हेंबर 1926 ला हेर्स्टालच्या कारखान्यातच, मुलगा व्हॅल याच्या कचेरीत, हृदय बंद पडून तो गेला. एका नव्या 9 मिलिमीटरच्या पिस्तुलाचं काम तेव्हा चालू होतं. पेटंट त्याच्या मृत्यूनंतर 1927 मध्ये मंजूर झालं, आणि एफएनच्याच द्यूदोने सेव्ह याने ते काम बदलत, सुधारत 1935 मध्ये तडीस नेलं. त्यात मॅगझिनमध्ये सातऐवजी तेरा काडतुसं बसली. दुसऱ्या महायुद्धात ते कॅनडात बनलं, आणि त्या कॅनडाच्या नमुन्यावरून पुढे आपल्याकडे बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत. ‘पिस्तूल ऑटो 9 एमएम 1ए’ या नावाने ते आपल्या सैन्यात आणि पोलिसांत वापरात आहे.